उपाशी पोटी ऐकायची गाणी

फोन आला तेव्हा मी शिरवळला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. टाइम ऑफिसमधला माणूस बोलवायला आला. मी हात न धुताच उठलो आणि डाव्या हातानं रिसीव्हर धरला. पलीकडून सुकुमारचे थोरले भाऊ बोलत होते. काल संध्याकाळी कुपवाडहून घरी येताना… उसाची ट्रॉली उभी होती… मागं दिवा नव्हता… आज सकाळी गेला. ते तुटक तुटक सांगत होते आणि मी प्रत्येक तुकड्याला ‘बरं’ म्हणत होतो. फोन ठेवला, परत कॅन्टीनमध्ये आलो आणि ताटात राहिलेला आमटीभात संपवला. ताट विसळून जागेवर ठेवलं, मग साहेबांकडं जाऊन रजा मागितली. कोण वारलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘मित्र.’ तो आमटीभात मी का संपवला, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर बरेच दिवस जेवणाच्या वेळा मी चुकवल्या नाहीत, ताटात काही टाकलंही नाही. पण भूक म्हणून जी काय असते ती लागली नाही. डोळ्यांतून पाणीही आलं नाही. घरातले म्हणायचे, रडून घे एकदा, मोकळा होशील. आता रडू काय नळाला येतं, तोटी फिरवली की सुरू?

पुरवणीत ज्यांच्यावर लिहून येतं तसा सुकुमार कुणी नव्हता. सांगलीत मी डिप्लोमाला होतो तेव्हा वर्गात माझ्या शेजारी बसायचा, एवढीच आमच्या ओळखीची सुरुवात. मी साताऱ्याचा, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि खाणावळीच्या डाळीला कंटाळलेला. तो सांगलीचाच, हळदीचा व्यापार करणाऱ्या जैन घरातला धाकटा मुलगा. एकदा त्यानं मला घरी जेवायला बोलावलं आणि मग ती सवयच झाली. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, सूर्य गेला की अन्नाला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी मी आपल्या सातारी हिशेबानं दिवेलागणीनंतर उगवलो आणि नुसतं पाणी पिऊन परत आलो. सुकुमारच्या आईला सगळेच आक्का म्हणतात. दुसऱ्या दिवशी दारातच त्या म्हणाल्या, ‘काय रं सातारकर, तुमच्याकडं सूर्य उशिरा मावळतो व्हय?’ तेव्हापासून त्या घरात माझं नाव सातारकर पडलं ते पडलंच.

डिप्लोमा झाल्यावर मला शिरवळला नोकरी लागली. साताऱ्याहून रोज कंपनीच्या बसनं खंबाटकीचा घाट ओलांडायचा. सुकुमार कुपवाडला पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला. त्याच सुमारास त्याचे वडील, म्हणजे आण्णा, वारले. आण्णांचा एक जुना मोठा रेडिओ होता. बाजारभाव आणि बातम्या यांपलीकडं त्यावर कधी काही लागलं नव्हतं. आण्णांच्या माघारी सुकुमार तो पुसायला म्हणून घ्यायचा आणि बसल्या बसल्या काटा फिरवत राहायचा. असंच एका शुक्रवारी संध्याकाळी शॉर्टवेव्हवर कुठलंसं परदेशी स्टेशन लागलं आणि त्यावर हे संगीत चालू होतं. त्याला ट्रिप-हॉप म्हणतात, डाउनटेम्पो म्हणतात, हे आम्हाला फार पुढं कळलं. सुकुमार त्याला ‘सावकाशीचं’ म्हणायचा. ढोल जड आणि आळशी, खालून बासची घरघर, मध्येच कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डचा तुकडा, आणि त्यावर एक बाई नुकतीच झोपेतून उठल्यासारखी गाते आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो, ‘टेपचे सेल संपलेत तुझ्या.’ खरखरही खूप होती, ती मला स्टेशन नीट न लागल्याची वाटली. तर तो म्हणाला, काही स्टेशनची आहे, पण बाकीची त्या लोकांनी मुद्दाम घातलेली आहे. चांगल्या गाण्यात मुद्दाम खरखर घालणाऱ्या माणसांबद्दल माझं मत तेव्हा काही फार बरं झालं नाही.

हा कार्यक्रम दर शुक्रवारी असायचा आणि त्याची वेळ मोठी अडचणीची होती. सुकुमार कारखान्यातून येऊन हातपाय धुतो न धुतो तोच तो सुरू व्हायचा आणि संपेपर्यंत दिवस मावळलेला असायचा. म्हणजे गाणी ऐकायची तर जेवण गेलं. त्यात रेकॉर्ड करायची पद्धतही आमच्यासारखीच अडाणी. आण्णांच्या रेडिओला वायर जोडायची सोय नव्हती, म्हणून टेपरेकॉर्डर घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवायचा, त्याचं तोंड रेडिओकडं करायचं, बटण दाबायचं आणि श्वास रोखून बसायचं. खोलीत जे काय वाजेल ते सगळं कॅसेटमध्ये जाणार. रेकॉर्डिंगच्या पहिल्याच शुक्रवारी गाणं रंगात आलेलं असताना आक्का दारात आल्या आणि जेवायला चल म्हणाल्या. सुकुमारनं ओठावर बोट ठेवलं. आक्कांनी विचारलं, उपास धरलायस व्हय? बोलावं तर रेकॉर्डिंग बिघडतं, म्हणून त्यानं आपली मान डोलावली. झालं… त्या एका मान डोलावण्यातून शुक्रवारचा उपवास जन्माला आला.

पुढं त्याला तो मागं घेता येईना. आक्कांनी दुसऱ्याच दिवशी बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, चार बायकांना सांगून टाकलं होतं की आमचा धाकटा शुक्रवारी एकवेळच जेवतो. बायकांनाही नवल वाटलं, कारण अष्टमी-चतुर्दशी सोडून हा शुक्रवार कुठला काढला? शुक्रवार तर आमच्या घरातल्या बायका देवीचा म्हणून धरतात. त्यामुळं संशय सरळ माझ्यावर आला. पुढच्या खेपेला आक्का म्हणाल्या, ‘तुझ्या नादानं देवीचं व्रत घेतलं काय रं ह्यानं?’ मी काय सांगणार? सुकुमार तोंड दाबून हसत होता. मला कारखान्याची सुट्टी फिरती असायची, ती शुक्रवारी आली की मी सांगली गाठायचो. अशाच एका शुक्रवारी कार्यक्रम संपल्यावर आम्ही कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. मी भडंगाचा पुडा घेतला आणि त्याच्यापुढं धरला. कोण बघतंय, म्हणालो, घे दोन घास. भुकेनं त्याचा चेहरा उतरलेला होता, भडंगावरचा लसूण दरवळत होता, तरी त्यानं हात पुढं केला नाही. ‘आक्काला उपास सांगितलाय गड्या,’ तो म्हणाला, ‘आता धरायलाच पायजे.’ मी एकट्यानं पुडा संपवला. असा विक्षिप्त माणूस. खोटं एकदा मानेनं बोलला आणि ते खरं करण्यात कितीतरी शुक्रवार उपाशी बसला.

त्यातूनच त्याचा तो नियम आला. सुकुमारकडं कॅसेट मागायला गेलात की तो आधी तुमची वैद्यासारखी तपासणी करायचा. कुठं ऐकणार, घरात की गाडीवर? एकटाच की बरोबर कुणी? ऐकताना हात मोकळे असतात का कामात? मग कपाटापुढं उभा राहून बराच वेळ विचार करायचा आणि एकच कॅसेट काढून द्यायचा. दोन मागितल्या तर पहिली आधी पचू दे म्हणायचा. एकाला दिलेली कॅसेट दुसऱ्याला कधी दिली नाही. देताना शेवटचं पथ्य ठरलेलं असायचं. ‘भरल्या पोटी ऐकायचं न्हाई. झोप येती. उपाशी पोटी ऐक.’ लोकांना तो नखरा वाटायचा. त्यांच्या गल्लीत शिराळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार राहायचे, त्यांना झोप येत नसे. त्यांना मात्र सुकुमारनं उलटं पथ्य सांगितलं, जेवून ऐका. आठ दिवसांनी सुभेदार तक्रार घेऊन आले, की पहिलं गाणं संपायच्या आत डोळा लागतो, पुढं काय आहे ते कुणीतरी सांगा. सुकुमारला याचा इतका आनंद झाला होता की त्यानं मला साताऱ्याला मुद्दाम फोन करून सांगितलं.

माझ्यासारख्या भावगीतं ऐकत वाढलेल्या माणसाला या संगीतानं कसं धरलं, ते मला नीट सांगता येणार नाही. सुकुमारचं म्हणणं असं की यात नदीचा फरक आहे. ‘तुमच्याकडं वाईला कृष्णा पळती,’ तो म्हणायचा, ‘आमच्यापातुर येईस्तोवर ती चालाय लागती. ह्ये सांगलीच्या कृष्णेचं गाणं हाय.’ ते लिहिणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी सांगलीचं नावही ऐकलेलं नसणार, पण त्याचं काही खोटं नव्हतं. आयर्विन पुलावर उभं राहून पाणी बघताना ते खरंच तसं वाजत असल्यासारखं वाटायचं.

माझे वडील गेले तेव्हा सुकुमार साताऱ्याला आला होता. त्याच्या पिशवीत एखादी कॅसेट असणार अशी माझी खात्री होती. मला ती हवीही होती, कारण घरातलं सांत्वनाचं बोलणं ऐकून कान किटले होते. पण तो हात हलवत आला. दोन दिवस राहिला, पाहुण्यांना चहा दिला, बादल्या भरल्या, माझ्याशी फारसं बोललाच नाही. निघताना स्टँडवर मीच विचारलं, काही ऐकायला आणलं नाहीस? तो म्हणाला, ‘आत्ता काय ऐकू नगोस. आत्ता कान बंद असत्यात. भूक लागली की सांग, मग पाठवतो.’ मला राग आला. म्हटलं, हा काय दवाखाना आहे? पण पुढं कधीतरी, घाटातून घरी येताना, अचानक कडकडून भूक लागली. घरी आईनं काय केलं असेल याचा मी विचार करू लागलो होतो. साताऱ्याला उतरल्यावर बूथवरून त्याला फोन केला आणि नुसतं एवढंच म्हणालो, ‘लागली.’ त्यानंतरच्या सांगली-सातारा गाडीच्या कंडक्टरकडं माझी कॅसेट आली.

ती कॅसेट म्हणजे तो पहिला शुक्रवार. सुकुमारनं ती इतके दिवस कुणालाच दिली नव्हती. फोनवर म्हणाला, मध्ये आक्का बोलल्यात, त्या पुसायच्या तर गाणंही पुसलं जाईल, तेव्हा तसंच ऐक. मी वॉकमनवर ती रोज बसमध्ये ऐकायचो. घाटाच्या दुसऱ्या वळणाच्या आसपास त्या झोपाळू बाईच्या गाण्यामध्ये आक्का यायच्या. ‘सुकुमाऽर, दिवस मावळाय लागला रं. जेवून घे चल.’ मग थोडं थांबून, ‘उपास धरलायस व्हय?’ आणि त्यानंतर कुणीच काही बोलत नाही, नुसता ढोल वाजत राहतो. मान डोलावल्याचा आवाज काही कॅसेटमध्ये येत नाही. पुढं पुण्याला एका ओळखीच्या घरी हेच गाणं सीडीवर लागलं. स्वच्छ, लखलखीत आवाज, मुद्दाम घातलेली खरखर तेवढी मुद्दामच्या जागी. मी जीव कानात आणून आक्कांची वाट बघत बसलो. ती जागा आली आणि तशीच गेली. मला ते गाणं अर्धवट वाटलं. हे सुकुमारला सांगितलं तर म्हणाला, त्या लोकांच्या घरी जेवायला बोलवणारं कुणी नसणार.

तो गेला त्या दिवशी शिरवळहून निघून मी सांगलीला पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. घरात खूप माणसं होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जाऊन समोर बसलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘जेवलास का?’ मी हो म्हणालो. बाहेर दिवस मावळत होता. वार शुक्रवार होता, हे माझ्या लक्षात आलं ते परतीच्या वाटेवर. त्या संध्याकाळी त्या घरात तसंही कुणीच जेवलं नसणार.

त्यानंतर मी वॉकमन कपाटात टाकून दिला. दुःख म्हणून नव्हे. ऐकायला बसलो तरी काही ऐकूच यायचं नाही. बसमध्ये शेजारचा माणूस दोनदा हाक मारायचा तेव्हा कळायचं. काही आठवडे असेच गेले. मग सुकुमारच्या वहिनींचा फोन आला. आक्का बऱ्या आहेत, म्हणाल्या, पण तुम्ही एकदा येऊन जा. मग जरा आवाज खाली करून त्यांनी सांगितलं, की आक्का शुक्रवारी संध्याकाळी जेवत नाहीत. आत्ता आत्ताचं नव्हे, कितीतरी वर्षांचं आहे. पोरगा उपाशी बसतो आणि मी कशी जेवू, म्हणून त्याच्याबरोबर त्यांनीही शुक्रवार धरला होता आणि त्याला कधी कळू दिलं नव्हतं. आता त्या म्हणतात, त्याचं व्रत माझ्याकडं आलं, मी असेपर्यंत चालवणार. डॉक्टर रागावलेत, गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका म्हणतात. तुमचं ऐकतील, तुम्ही समजावा.

त्या उपवासाचा उगम सुकुमारनंतर आता एकट्या मला ठाऊक होता. सांगावं तर म्हातारीच्या हातात उरलेली एक गोष्ट काढून घ्यायची. तुमचा मुलगा व्रताला नव्हे, रेडिओला बसला होता, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि न सांगावं तर एका मान डोलावण्यापायी ती बाई जन्मभर शुक्रवारची उपाशी झोपणार. मला खूप काही वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की हे विचारायला सुकुमार पाहिजे होता.

मी गेलो तो शुक्रवारच होता, सुट्टीच तशी आली. आक्का त्याच्या खोलीत खिडकीजवळ बसल्या होत्या. आण्णांचा रेडिओ जागेवर होता. घोंगडीची घडी तशीच होती, तिच्यावर टेपरेकॉर्डर, तोंड रेडिओकडं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. डॉक्टरांचा विषय मी काढला आणि त्यांनी तो ऐकू न आल्यासारखा सोडून दिला. मग म्हणाल्या, ‘सातारकर, तो काय ऐकायचा ते मला कवा कळलंच न्हाई बघ. तू एक लाव.’ मी उठून कपाटापुढं उभा राहिलो. तो उभा राहायचा तसाच, पण मला काही सुचेना. आयुष्यभर मी त्यानं दिलेलं ऐकलं होतं, दुसऱ्यासाठी निवडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. अखेर पुण्याहून सीडीवरून उतरवून आणलेली एक कॅसेट लावली. तीत खोलीतला कसलाच आवाज नव्हता, म्हणून लावली. आक्कांनी थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली. ‘ह्ये न्हवं,’ म्हणाल्या, ‘लय गुळगुळीत हाय. घरात वाजायचं ते असं न्हवतं.’ मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘तुला कुठलं दिलं व्हतं? ते लाव.’

ती कॅसेट माझ्या पिशवीत होती. घरून निघताना टाकली होती खरी, पण का टाकली ते विचारू नका. मी ती लावली आणि खाली जमिनीवर बसलो. ढोल सुरू झाला, खरखर आली, ती बाई गाऊ लागली. आणि मग त्या जागेवर त्यांचाच आवाज आला, आताच्यापेक्षा तरणा, घाईतला. ‘सुकुमाऽर, दिवस मावळाय लागला रं…’ आक्का एकदम दाराकडं वळल्या. तिथं कुणी नव्हतं. ‘उपास धरलायस व्हय?’ टेपमधल्या आक्कांनी विचारलं. त्यानंतर नुसता ढोल. खिडकीजवळच्या आक्का उत्तर ऐकायला पुढं झुकल्या होत्या. गाणं पुढं गेलं तरी त्या तशाच झुकलेल्या राहिल्या. मग बाजू संपत आली आणि टेपमध्येच ‘खट’ असा आवाज झाला. बटण दाबल्याचा. ते बोट सुकुमारचं होतं, हे इतक्या वर्षांत माझ्या पहिल्यांदाच ध्यानात आलं.

‘बोलला न्हाई तो ह्याच्यापायी व्हय,’ आक्का म्हणाल्या. राग नव्हता, नवलही फारसं नव्हतं. पदरानं त्यांनी चष्मा पुसला आणि परत घातला. मी घाईघाईनं बोलू लागलो. घाटावरचं सांगितलं, भडंगाचं सांगितलं, की आक्का, सुरुवात कशीही झाली असो, तो खरंच कधी जेवला नाही, मी समोर पुडा धरला तरी घेतला नाही. त्यांनी हातानं मला थांबवलं. ‘म्हाईत हाय रं. शनवारी सकाळी भाकरीवर कसा पडायचा, ते मीच वाढत हुते न्हवं. पोट कुठं खोटं बोलतंय?’ एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. समोरच्या घराच्या पत्र्यावरचं ऊन निघून गेलं होतं. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, आक्का, जेवून घ्या, आता दिवस मावळतोय. आक्कांनी मान हलवली. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं; समजावायला मला बोलावलं होतं ना! माझंही पान वाढलेलं होतं, पण मी उठलो नाही. का, ते मला तेव्हा समजलं नाही.

अंधारून आलं. वहिनींनी दिवा लावला. आम्ही दोघं त्या टेपरेकॉर्डरच्या दोन बाजूंना बसून होतो आणि अचानक माझ्या पोटात खड्डा पडला. भूक. नुसती वेळेची नव्हे, खरी. तोंडाला पाणी सुटणारी, हातपाय गळणारी, कॅन्टीनमधल्या त्या दुपारपासून न लागलेली. भूक लागली की सांग, असं तो म्हणाला होता. आणि मग इतके दिवस अडलेलं पाणी डोळ्यांत आलं. मी सांगितलं, ज्यांना सांगता येत होतं त्यांना.

‘आक्का, भूक लागली.’

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे त्यांना दिसले असतील. त्या काही उठल्या नाहीत, ताट वाढा म्हणाल्या नाहीत.

‘लागू दे,’ त्या म्हणाल्या. ‘त्यालाबी लागायचीच की. दुसरी बाजू लाव.’